पाड्यावरचा मिनी लोडर : घेण्याआधी पाहायच्या गोष्टी



मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर तळ्यातला गाळ भातखाचरांत टाकायचा होता. बाया घमेली डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या. ते पाहून एका देणगीदारांनी मिनी लोडर देऊ केला. मी लगेच होकार दिला नाही. आधी एक भाड्याने आणला.

या यंत्राची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. एका बाजूची थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवली की ते घसरत जागच्या जागी वळते. म्हणून ते अरुंद जागेत चालते, आणि म्हणूनच मुरुमावर टायर लवकर झिजतात. पट्ट्यांचे यंत्र चिखलात कमी रुतते, पण धारदार दगडांनी पट्टा फाटला तर खर्च फार. आम्ही चाकांचे ठरवले.

विक्रेत्याला वजनाचे दोन आकडे विचारावेत. कितीला यंत्र पुढे कलंडते आणि सुरक्षित किती? चाकांच्या यंत्रात दुसरा पहिल्याच्या निम्मा धरतात. ओला गाळ घनमीटरला दीड टनाच्या पुढे भरतो. १५० लिटरचे बकेट भरले की २२५ किलो झालेच.

उतारावर जड बाजू नेहमी चढाकडे. भरलेले बकेट घेऊन सरळ चढावे, मागे मागे उतरावे. रिकामे असेल तर मागची बाजू जड, म्हणून उलट. बकेट जमिनीलगतच.

भाड्याच्या यंत्रावरचा मुलगा एकदा बाहू वर ठेवून, लॉक न लावता, खाली वाकून पाइप चाचपत होता. मी ओरडलोच. बाहू पडला असता तर मुलगा गेला असता. शिवाय गळती हाताने शोधूच नये, पुठ्ठा धरावा. दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागते.

रोज पिनांना ग्रीस, तेलाची पातळी, रेडिएटरची धूळ. एअर फिल्टरकडे उन्हाळ्यात विशेष लक्ष. किती तास चालले ते वहीत लिहावे, तेल त्यावरच बदलायचे असते. पावसाळ्यात यंत्र उभे राहते तेव्हा डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, नाहीतर आत पाणी धरते. उंदीर वायरी कुरतडतात, तेही पाहावे.

दुरुस्तीचा निधी वेगळा ठेवल्याशिवाय खरेदी नको, असे मी समितीला सांगितले. रोजगार हमीच्या कामावर यंत्र न्यायचे नाही, हेही ठरले. ती मजुरी पाड्याची आहे. चालवायला पाड्यावरचीच दोघे शिकत आहेत. त्यांतली एक काल-परवापर्यंत घमेले वाहत होती.