बाया कर्वे : संस्थेच्या घरातली बाई

मी जबलपूरला, अधारतालमध्ये राहते. आमच्याकडे तलावांची एक गोष्ट सांगतात. राणी दुर्गावतीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि दिवाण आधारसिंहाचा अधारताल. राणीबरोबर दासीचीही आठवण तलावाच्या नावात राहिली, हे मला फार आवडतं. एरवी मोठ्या कामात घरच्या बाईचं नाव कुठे राहतं? म्हणून आज महर्षी कर्व्यांच्या पत्नीबद्दल, बाया कर्व्यांबद्दल बोलू या.

माहेरच्या त्या गोदूबाई जोशी, देवरुखच्या. लहानपणीच विधवा झाल्या. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा गोदूबाई तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांचे भाऊ नरहरपंत हे कर्व्यांचे मित्र. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, बहिष्कार टाकला.

1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला. पुढे तो हिंगण्याला गेला. स्वतः कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि वेळ, पैसा आश्रमात ओतायचे. इकडे घरात मुलं वाढत होती. अशात त्यांनी आपली 5,000 रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. बाया संतापल्या. घरात भांडण झालं.

अशा वेळी लोक पटकन म्हणतात, बाईला नवऱ्याचं मोठेपण कळलं नाही. मला तसं वाटत नाही. नवरा गेल्यावर हात रिकामे असलेल्या बाईचे हाल काय असतात, हे त्या घरात बायांइतकं कोणाला ठाऊक होतं? दुसऱ्यांच्या लेकींसाठी आश्रम उभा राहतोय, तर आपल्या मुलांच्या वाट्याला काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो स्वार्थ नव्हता, अनुभव होता.

आणि त्या नुसतं विचारून थांबणाऱ्या नव्हत्या. नागपूरला राहून त्यांनी सुईणीचं शिक्षण घेतलं. ज्या आश्रमापायी भांडल्या, त्याच आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. भांडण आणि साथ, दोन्ही त्यांनी केलं.

1944 मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, ‘माझे पुराण’. 1950 मध्ये त्या गेल्या. कर्व्यांना भारतरत्न मिळालं 1958 मध्ये, तेव्हा बाया नव्हत्या.

तुमच्या ओळखीत कोणी शाळा, कॉलेज, वसतिगृह उभं केलं असेल. त्यांच्या घरी गेलात, तर संस्थेची हकीकत त्यांच्या पत्नीलाही विचारा. आणि त्यांनी एखादी तक्रार सांगितली, तर ती संस्थेच्या इतिहासाचाच भाग समजून ऐका.

भेटू पुढच्या भागात.