गेममधला अवघड ट्रॅक जमतो कसा? गुपित आपल्या कोंडाईबारी घाटातच!

चिंचपाडा (ता. नवापूर) : कोंडाईबारी घाटात एसटीचा जुना चालक बघा. वळण येण्याआधीच तो वेग कमी करतो अन् वळण संपत आलं की मगच रेस देतो. मोबाईल, कॉम्प्युटरवरच्या सिम रेसिंगचं गुपितही हेच.

या खेळात खरेखुरे ट्रॅक हुबेहूब उतरवलेले असतात. त्यातला भल्याभल्यांना रडवणारा ट्रॅक म्हणजे जर्मनीतला नुर्बुर्गरिंग नॉर्डश्लाइफे. लांबी सुमारे २०.८ किमी, वळणं ७० हून जास्त. जंगल अन् चढ-उतार असे, की पुढचं वळण दिसतच नाही. ते पाठच करावं लागतं.

शिकायचं कसं? ट्रॅकचे तुकडे पाडा. प्रत्येक वळणाआधी बोर्ड किंवा झाडाची खूण धरा अन् तिथेच, गाडी सरळ असताना ब्रेक दाबा. टायरची पकड ठरावीकच असते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली, तर वळायला उरत नाही. मग आतली कड धरून वळा अन् बाहेर पडताना हळूहळू रेस वाढवा. पन्नासदा चुकल्यावर एक फेरी बिनचूक होते, तेव्हाचा आनंद काही औरच!

ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये अशाच गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला अन् २०१३ मध्ये फ्रान्समधल्या २४ तासांच्या ल मान्स शर्यतीत खरी गाडी घेऊन उतरला.

पण पोरांनो, गेममध्ये गाडी उलटली तर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. घाटात ते बटण नसतं, समोरून ट्रक येतो. वेगाची हौस गेममध्येच फेडा. रस्त्यावर एकच सवय न्या : वळणाआधी ब्रेक.