शिल्लक फाइलमध्ये नसतेच

जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरतोय, नवा कोरा लॅपटॉप शेजारी येऊन बसलाय आणि दोघांच्या मधे आहे बोटाएवढा पेन ड्राइव्ह. त्यात घराच्या दहा वर्षांच्या जमाखर्चाचा बॅकअप. ग्नूकॅश हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. फाइल कॉपी करायची, नव्या लॅपटॉपवर ग्नूकॅश टाकायचं, फाइल उघडायची. विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही चालतं. बचत खात्याची शिल्लक पैशांसकट पडद्यावर उभी राहते आणि आपण हुश्श म्हणतो.

गंमत अशी, की ती शिल्लक पेन ड्राइव्हमधून आलेलीच नसते.

विश्वास बसत नसेल तर फाइलची एक जादा प्रत घ्या आणि आत डोकवा. ग्नूकॅश एरवी आपली फाइल जीझिप पद्धतीने दाबून, गाठोडं करून ठेवतं. ते सोडलं की आत निघतो चक्क वाचता येणारा मजकूर. खात्यांची नावं आणि त्याखाली नोंदींची रांग. १,२५० रुपयांचा किराणा आणला, तर किराणा खात्यात तेवढे अधिक, बँक खात्यात तेवढेच उणे. दोन्हींची बेरीज शून्य. दुहेरी नोंदीची ही रीत लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात समजावली होती. पण ‘शिल्लक इतकी’ अशी ओळ कितीही शोधा, सापडत नाही. सुरुवातीची शिल्लक? तीही एक नोंदच. फाइल उघडली, की संगणक पहिल्या नोंदीपासून बेरजा-वजाबाक्या करत आजपर्यंत येतो. दहा वर्षांचा हिशेब डोळ्याचं पातं लवायच्या आत नव्याने मांडला जातो, आणि तोही दरवेळी.

म्हणजे सगळी मदार नोंदींवर. म्हणून त्या कशा लिहिल्यात ते पाहण्यासारखं आहे. १,२५० रुपये फाइलमध्ये ‘१२५०००/१००’ असे असतात, चक्क अपूर्णांकात! कारण संगणकाचं द्विमान गणित. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला घेतला, तर ०.३३३... संपतच नाही. तशीच गत द्विमान पद्धतीत ०.१ ची होते. मग नेहमीच्या दशांश हिशेबात ०.१ आणि ०.२ मिळवले, की संगणक ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देऊन मोकळा होतो. अपूर्णांकात मात्र वर पूर्ण संख्या, खाली पूर्ण संख्या. पैसाभरही गळती नाही.

खात्यांची ओळखही नावावर नसते. प्रत्येक खात्याला आणि नोंदीला ३२ अक्षर-अंकांची एक खूण मिळते. अशा खुणा किती होऊ शकतात? ३४ वर ३७ शून्यं, साधारण इतक्या. त्यामुळे ‘किराणा’चं नाव बदलून ‘वाणसामान’ केलं तरी एकही नोंद पोरकी होत नाही.

मला सगळ्यात भावली ती तारखेची युक्ती. नव्या आवृत्त्या व्यवहाराच्या तारखेला ग्रीनिचची सकाळची १०:५९ ही वेळ जोडतात. ही विचित्र वेळ का? तेव्हा पुण्यात दुपारचे ४:२९ असतात, हिवाळ्यातल्या न्यू जर्सीत पहाटेचे ५:५९, हवाईत रात्रीचे १२:५९ आणि उन्हाळ्यातल्या ऑकलंडमध्ये रात्रीचे ११:५९. या सगळ्या ठिकाणी तारीख तीच! पुण्यातल्या आजींचा जमाखर्च न्यू जर्सीतल्या नातीने उघडला, तरी ३१ मार्चचा व्यवहार ३० तारखेला घसरत नाही. अकराला कमी असलेलं हे एक मिनिट आर्थिक वर्षाची कड सांभाळतं.

गाठोड्याच्या गाठीतही अक्कल आहे. जीझिप फाइलच्या शेवटच्या आठ बाइटांपैकी चार आतल्या मजकुरातून काढलेला एक पडताळा-आकडा सांगतात, चार मूळ मजकुराची लांबी. वाटेत एखादा बिट जरी उलटला, तरी पडताळा जुळत नाही. शाळेत गणिताचा ताळा पाहायचो, तोच हा.

काही गोष्टी मात्र या फाइलसोबत येत नाहीत. जपून ठेवलेले अहवाल आणि आपल्या आवडीच्या सेटिंग्ज वेगळ्या जागी असतात. नोंदीला जोडलेल्या बिलाच्या फोटोचा फक्त पत्ता फाइलमध्ये असतो, फोटो नाही. त्याला वेगळं उचलून न्यावं लागतं. आणि फोल्डरमध्ये एकाच नावाने सुरू होणाऱ्या अनेक फाइली दिसल्या तर गोंधळू नका. नावातले १४ अंक वाचा. २०२४०३३१२२१५०५ म्हणजे ३१ मार्च २०२४, रात्रीचे १० वाजून १५ मिनिटं ५ सेकंद. त्या वेळी बाजूला काढून ठेवलेली ती प्रत.

जुना लॅपटॉप बंद करण्याआधी प्रत्येक खात्याची शिल्लक कागदावर लिहून घ्या आणि नव्याच्या पडद्याशी ताडून पाहा. जुळली, तर जुन्या यंत्राने नव्याच्या कानात उत्तर सांगितलं म्हणून नव्हे. दोघांनी तीच उदाहरणं आपापली सोडवली आणि उत्तर एकच आलं, म्हणून.