'ग्रेज ॲनॅटॉमी'च्या चित्रकाराची मुंबई-साताऱ्यातील तीस वर्षे

रायपूर असो वा मुंबई, वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'ग्रेज ॲनॅटॉमी' या ग्रंथाची ओळख करून द्यावी लागत नाही. १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे लेखक हेन्री ग्रे. त्यातील ३६३ आकृत्या मात्र डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढल्या. या कार्टर यांचे पुढील आयुष्य मुंबई इलाख्यात गेले, हे फारसे ज्ञात नाही.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील चित्रकार होते. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ग्रे आणि कार्टर यांनी मिळून शवविच्छेदने केली. अवयवांची नावे बाजूला न देता थेट आकृतीतील अवयवावरच छापण्याची पद्धत या ग्रंथाच्या यशाचे मोठे कारण ठरली. विद्यार्थ्याची सोय चित्रकाराने ओळखली होती, असेच म्हणावे लागेल. मोबदला म्हणून कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. विक्रीवरील मानधन केवळ ग्रे यांना होते. इतकेच नव्हे, तर शीर्षकपृष्ठाच्या कच्च्या मुद्रितावर कार्टर यांचे नाव लहान टाइपात घेण्याची सूचनाही ग्रे यांनी केली.

ग्रंथ बाजारात येण्यापूर्वीच कार्टर मुंबईला रवाना झाले होते. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवले. १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते.

त्यांच्या संशोधनाचे विषय इथल्याच गोरगरिबांच्या आजारांतून आले. अनवाणी चालणाऱ्या कष्टकऱ्यांचे पाऊल सुजून त्याला छिद्रे पडत. हा विकार बुरशीमुळे होतो, असे प्रतिपादन करून त्यांनी त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. काही रुग्णांत जिवाणूही कारणीभूत असतात, हे नंतर स्पष्ट झाले. नाव मात्र कायम राहिले. नॉर्वेतील कुष्ठाश्रमांची पाहणी करून त्यांनी १८७४ साली अहवाल प्रसिद्ध केला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली, तेव्हा रुग्णांच्या रक्तात त्यांना मळसूत्री आकाराचे जंतू आढळले.

पुढे ते ग्रँट महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १८८८ साली निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि १८९७ साली स्कारबरो येथे त्यांचे निधन झाले. ग्रे १८६१ सालीच, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, देवीच्या आजाराने दगावले होते.