विलायतेतील घोडदौड : छंद की नाद?

‘रेस’ हा शब्द कानी पडला की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. त्या शब्दाच्या पाठोपाठ गहाण पडलेल्या पाटल्या, सावकाराच्या घशात गेलेले शेत, अर्ध्यावर सुटलेली मुलाची शाळा अशी चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. आणि ती चित्रे खोटी आहेत असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. परंतु घोडदौडीकडे पाहण्याची आणखीही एक रीत आहे. एक पैसाही न लावता घोड्याची कुळी, त्याची चाल, त्याचा दम यांचा अभ्यास करणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. क्रिकेटचा शौकीन जसा धावा आणि बळी यांचे हिशेब ठेवतो, तसे ही माणसे घोड्यांचे हिशेब ठेवतात. श्रोतेहो, या छंदाची ओळख करून देणे, आणि तो छंद कोठे संपतो व नाद कोठे सुरू होतो हे पाहणे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात शर्यत ही काही परकी गोष्ट नव्हे. कडोलीसारख्या आमच्या शेतकरी गावांच्या मुलखात जत्रा आली की बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यतींची चर्चा सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पुढे राज्यांनी कायदे दुरुस्त केले आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडू यांचे ते कायदे ग्राह्य धरले. या सर्व काळात पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची नजर मात्र बदलली नाही. बैलाचे खांदे, त्याचे खूर, त्याची मान टाकण्याची लकब पाहून हा गडी शेवटपर्यंत टिकेल की मध्येच ढेपाळेल हे ते सांगू शकतात. विलायती घोडदौडीच्या शौकिनाला हीच नजर लागते. फरक एवढाच की, तिकडे त्या नजरेला अडीचशे वर्षांच्या लेखी नोंदींची जोड मिळाली आहे.

या नोंदींपासूनच आरंभ करू. शर्यतीच्या घोड्यांची जी जात ‘थरोब्रेड’ म्हणून ओळखली जाते, तिच्यातील प्रत्येक घोड्याचे पितृकुल सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडात आलेल्या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाऊन पोहोचते. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ही त्यांची नावे. १७९१ साली या घोड्यांची वंशावळ छापून निघाली आणि तेव्हापासून ती अखंड चालू आहे. आपल्याकडील भाटांच्या वह्या जशा घराण्यांची कुळी सांगतात, तशीच ही घोड्यांची वही होय. घोड्याचे वय मोजण्याची रीतही मोठी गमतीची आहे. उत्तर गोलार्धातील शिंगरू कोणत्याही महिन्यात जन्मले तरी १ जानेवारीला सर्वांचे वय एकाच दिवशी एक वर्षाने वाढते.

इंग्लंडातील पाच शर्यतींना ‘क्लासिक’ म्हणतात आणि त्या फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. डोंकास्टरची सेंट लेजर १७७६ पासून, एप्सम येथील ओक्स १७७९ पासून आणि डर्बी १७८० पासून, तर न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज १८०९ पासून व वन थाउजंड गिनीज १८१४ पासून धावली जाते. ओक्स आणि वन थाउजंड गिनीज या केवळ घोड्यांच्या मादीसाठी राखीव आहेत. दोन्ही गिनीज एक मैलाच्या. डर्बी आणि ओक्स दीड मैलाच्या. सेंट लेजर पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. अंतराचा हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. वास्तविक या छंदाचा सारा रस त्यातच साठवलेला आहे. हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो, आणि ते उदाहरण मराठी माणसाला जवळचे आहे.

१९४५ साली इंग्लंडातील लिलावात एक वर्षाचे एक शिंगरू विक्रीस आले. त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. त्यांचा बाप निअर्को हा इटलीतील फेडेरिको तेसिओ या थोर अश्वपालकाच्या पागेत जन्मलेला, चौदा शर्यती धावून एकही न हरलेला. बोली चढत चढत २८,००० गिनींवर गेली. ब्रिटनमध्ये तोवर एक वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत कधी आली नव्हती. घेणारे होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. शिंगराचे नाव पडले ‘सयाजीराव’.

१९४७ च्या वसंतात सयाजीराव टू थाउजंड गिनीजमध्ये उतरला. ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने ती शर्यत आठ घोड्यांच्या लांबीइतके अंतर राखून जिंकली. सयाजीराव तिसरा आला. पुढे डर्बी. सर्वांनी ट्यूडर मिन्स्ट्रेल जिंकणार असे गृहीत धरले होते. पण दीड मैलाला त्याचा दम पुरला नाही आणि तो चौथा आला. पर्ल डायव्हर हा फ्रान्सहून आलेला घोडा पहिला, सयाजीराव पुन्हा तिसरा. त्यानंतर सयाजीरावाने आयर्लंडची डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात, देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात, डोंकास्टरला सेंट लेजरही जिंकली. तीही फ्रान्सच्या आर्बारला केवळ डोक्याच्या अंतराने मागे टाकून. एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी त्याच्यावर स्वार होता. मुंबईच्या महालक्ष्मीवर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली, ती प्रतापसिंहरावांच्याच ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली, तेव्हाही खोगिरावर हाच ब्रिट होता.

पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली. तोच घोडा दीड मैलाच्या डर्बीत मात्र मागे पडला. आता दोन्ही घोडे शेजारी ठेवून पाहा. एकाच धन्याचे, एकाच शिक्षकाच्या, म्हणजे न्यूमार्केटच्या सॅम आर्मस्ट्राँग यांच्या, हाताखाली तयार झालेले. पण एकाची धाव मैलाला फुलते आणि पुढे कोमेजते, तर दुसरा जसजसे अंतर वाढेल तसतसा खुलत जातो. वर्गातील मुलांचेही असेच असते. कोणी तोंडी गणितात चटकन उत्तर देतो, तर कोणी वर्षअखेरीच्या परीक्षेत सर्वांच्या पुढे निघून जातो. कोणता घोडा चांगला, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. किती अंतराला, कोणत्या जमिनीवर आणि किती वजन घेऊन, हे त्याच्या पुढे जोडल्यावाचून तो पुरा होत नाही.

जमिनीचा विचार फार महत्त्वाचा. इंग्लंड-फ्रान्समधील प्रमुख शर्यती हिरवळीवर होतात. ती पावसाने मऊ झाली की हलक्या पावलाचे घोडे चिखलात अडखळतात आणि जड टापेचे पुढे येतात. एप्समची वाट तर घोड्याच्या नालासारखी वाकडी; प्रथम चढ, मग मोठे वळण घेत उतार, आणि शेवटचे मैदानही एका अंगाला कललेले. तेथे वेगाइतकाच तोल लागतो. वजनाची गोष्ट निराळी. क्लासिक शर्यतींत सर्वांना सारखेच वजन असते, मादीला तेवढी थोडी सवलत. परंतु ‘हँडिकॅप’ शर्यतींत सबळ घोड्याच्या पाठीवर अधिक वजन चढवून त्याला दुर्बळांच्या बरोबरीने आणतात.

युरोपात गेले की देशोदेशीची तऱ्हा वेगळी दिसते. पॅरिसच्या लाँगशां मैदानावर १९२० पासून ‘आर्क द त्रिओंफ’ ही शर्यत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होते. तीन वर्षांचे तरुण घोडे आणि त्यांच्याहून थोर वयाचे, दोघेही तीत २४०० मीटर धावतात; म्हणून वर्षाचा खरा निवाडा येथेच होतो असे जाणकार मानतात. जर्मनीची डर्बी हँबुर्गला होते. आयर्लंड ही अडथळ्यांच्या शर्यतीची जन्मभूमी. १७५२ साली कॉर्क परगण्यात दोघा गृहस्थांनी एका चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या चर्चच्या शिखरापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओहोळ ओलांडत, घोडे फेकले आणि त्यावरून या प्रकाराला ‘स्टीपलचेस’ हे नाव पडले, असे सांगतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडात केंप्टनला अशीच एक मोठी शर्यत असते.

परंतु आपल्या जत्रेची आठवण करून देणारी शर्यत म्हणजे इटलीतील सिएना शहराची पालिओ. २ जुलै आणि १६ ऑगस्ट या पवित्र मरियेच्या सणांना जोडून ती भरते. शहराच्या सतरा आळ्यांपैकी दहा आळ्यांचे घोडे एका वेळी भर चौकात तीन फेऱ्या मारतात. स्वार खोगिराशिवाय बसतो. तो वाटेत पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी जय त्या आळीचाच. शर्यतीपूर्वी प्रत्येक आळी आपला घोडा आपल्या देवळात नेते आणि पाद्री त्याला आशीर्वाद देतो. बक्षीस काय, तर मरियेचे चित्र रंगविलेले रेशमी निशाण! पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आज हा छंद घरी बसून जोपासणे फार सोपे झाले आहे. डर्बी जूनच्या पहिल्या शनिवारी, बहुधा आपल्या घड्याळात रात्री आठच्या आगेमागे असते. हातातल्या फोनवरही ती दिसते. ज्याला गोडी लावून घ्यावयाची असेल त्याने एक वही करावी. पाच-सात घोडे निवडावे; त्यांचे आईबाप, धावलेले अंतर, जमिनीची स्थिती, आलेला क्रमांक हे टिपावे. पुढील शर्यतीचा आपला अंदाज आधी लिहून ठेवावा आणि मग निकालाशी ताडून पाहावा. अंदाज चुकला तर का चुकला याचा विचार करण्यातच खरी मौज आहे.

येथेच ती धोक्याची रेषा येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोडदौड हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे ठरविले. ते योग्यच आहे. पण कौशल्य घोड्याचे, जॉकीचे आणि शिक्षकाचे. तिकीट घेणाऱ्याच्या पदरी काय पडते, ते साध्या गणिताने पाहू. फ्रान्सने १८९१ साली बुकींना दूर करून सामायिक पेटीची पद्धत कायम केली. आपल्याकडील ‘टोट’ त्याच जातीची. सर्वांचे पैसे एका पेटीत जमतात, त्यांतून कर व खर्च वजा होतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा, शेकडा २० वजा झाले. मग पैसे लावणाऱ्या सर्व मंडळींचे १०० रुपये एका फेरीनंतर ८० उरतात. तेच पुन्हा लावले तर ६४, मग ५१, मग ४१, आणि पाचव्या फेरीअखेर ३३ सुद्धा नाहीत. एखादा जिंकतो, हे खरे. पण त्याचे जिंकणे शेजाऱ्याच्या खिशातून येते आणि पेटी मात्र दर वेळी आपला वाटा घेतेच. हे गणित सहावीच्या मुलाला समजते. दुर्दैवाने ते बापाला पटावयास पुष्कळदा घर विकावे लागते.

पैशाखेरीज दुसराही प्रश्न आहे, तो मुक्या जनावराचा. अडथळ्यांच्या शर्यतींत घोडे पडतात, पाय मोडतात, मरतात. लोकमताच्या रेट्यामुळे काही सुधारणा झाल्या. लिव्हरपूलजवळच्या ग्रँड नॅशनलमध्ये पूर्वी चाळीस घोडे सुटत. २०२४ पासून चौतीसच सुटतात. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत जॉकीला सहापेक्षा अधिक वेळा चाबूक वापरता येत नाही. हे पुरेसे आहे असे सर्वांना वाटत नाही. घोड्यावर प्रेम आहे असे म्हणणाऱ्याने हा प्रश्न टाळता कामा नये. आमच्या शर्यतींतील बैलाला टोचल्या जाणाऱ्या आराबद्दलही टाळता कामा नये.

शेवटी त्या नावाविषयी. ‘सयाजीराव’ हे नाव ज्यांचे, ते महाराज सयाजीराव तिसरे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरून बडोद्याच्या गादीवर आले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१३ साली अमेरिकेला शिकावयास निघालेल्या तरुण आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली ती त्यांनीच. त्यांच्या नातवाने त्यांचे नाव घोड्याला दिले. त्या शिंगराचे २८,००० गिनी म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होत. त्याच नातवाने आजोबांच्या इच्छेप्रमाणे १९४९ साली बडोद्याचे विद्यापीठ स्थापले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु राज्याच्या खजिन्यातून त्यांनी उचललेल्या रकमांवरून वाद माजला. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये सरकारने त्यांची मान्यता काढून घेऊन त्यांच्या मुलाला दिली.

सयाजीराव घोड्याचा मात्र यात काही दोष नाही. तो आपल्या दमाने धावला, आणि पागेत निवृत्त झाल्यावर त्याचा मुलगा इंडियाना १९६४ साली तीच सेंट लेजर जिंकला. घोडा किती धावेल हे त्याच्या रक्तात आणि छातीत असते. त्याच्यामागे आपण किती धावावयाचे, हे मात्र आपल्या हाती असते. वही आणि पेन्सिल घेऊन जो त्याच्या मागे जातो तो काही तरी शिकून घरी परत येतो. घरातल्या मुलांच्या फीचे पैसे घेऊन जो जातो, त्याची वाट पाहत बसलेल्यांना विचारावे की छंद कोणता आणि नाद कोणता. त्यांना तो फरक कोणत्याही पंडितापेक्षा अधिक चांगला ठाऊक असतो.