सही आणि संमती

शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर एक बाक असतो. त्या बाकावर बसलेल्या माणसापुढे परिचारिका एक छापील कागद धरते, बोटाने जागा दाखवते आणि म्हणते, "इथे सही करा." माणूस सही करतो. सही येत नसेल तर शाईची डबी पुढे येते व अंगठा उठतो. कागदावर काय लिहिले आहे हे तो विचारीत नाही. आत आपले माणूस निजलेले आहे, आणि विचारले तर डॉक्टर रागावतील, ही धास्ती त्याच्या मनात असते. पुसद असो, नांदेड असो की नागपूर, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. कित्येकांनी त्या बाकावर बसून सहीही केली आहे. या सहीला व्यवहारात संमती म्हणतात. ती खरोखर संमती असते काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

आम्ही वैद्य नाही आणि वकीलही नाही. आमचे आयुष्य हमाल, जीनमधील मजूर आणि शेतमजूर यांच्या संघटनेत गेले. परंतु अंगठ्याची गोष्ट आम्हांला चांगली ठाऊक आहे. कामगाराचा अंगठा कोऱ्या कागदावर घ्यायचा आणि मजकूर मागाहून भरायचा, हा काही मालकांचा जुना रिवाज. पगार पोचल्याची पावती, राजीनामा, हिशेब चुकता झाल्याची कबुली, सारे त्या एका अंगठ्यातून निघे. अशा प्रत्येक वेळी आम्ही एकच म्हणत आलो की, अंगठा कामगाराचा आहे, पण मजकूर त्याचा नाही. रुग्णालयातील संमतिपत्राकडे आम्ही त्याच नजरेने पाहतो. आणि तसे पाहण्यास आम्हांला भाग पाडले ते बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या हकीकतीने.

ही हकीकत आपल्यापासून दूरची नव्हे. आमच्या पुसद, महागाव, उमरखेड भागातील तांड्यांवरूनही कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो आणि ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर खाडा धरतात व दंड कापतात. बाई आजारी पडली की कोयता थांबतो, आणि कोयता थांबला की कर्ज वाढते. फडावर झोपडीत मुक्काम, न्हाणी-संडासाची सोय नाही, पहाटेपासून मोळ्या वाहायच्या. अशात मासिक पाळीचे दिवस आले किंवा अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला की ती बाई जवळच्या खाजगी दवाखान्यात जाते. तेथे अनेकींना काय सांगण्यात आले, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे: "पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल." पिशवी म्हणजे गर्भाशय. बायांनी उसने पैसे काढले, अंगठे दिले आणि पिशव्या काढून घेतल्या.

या प्रकाराचा गवगवा झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा बायकांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशात शंभरास सुमारे तीन होते. ऊस तोडणाऱ्या बाईचे शरीर इतर बायांहून निराळ्या मातीचे घडलेले नाही. तेव्हा या फरकाचे कारण शरीराबाहेर शोधावे लागते.

यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे आम्ही म्हणत नाही. गर्भाशय काढणे काही रोगांत अटळच असते. परंतु त्याआधी औषधोपचार आहेत, तपासण्या आहेत, दुसऱ्या डॉक्टरचे मत आहे. तरुणपणी गर्भाशय काढले, आणि त्याबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचे वय अकाली येते. हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या कंबरेवर मोळी उचलायची तीच कंबर धरते. हे सारे आधी सांगितले असते तर त्या बाईने काय ठरवले असते, हे आज कोणी सांगू शकत नाही. ते ठरवण्याची संधीच तिला मिळाली नाही, हा आमचा मुद्दा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे. तिचा साधा अर्थ असा: दोन माणसे एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करतात तेव्हा संमती होते. चौदावे कलम सांगते की, ही संमती मोकळी हवी. तीत जबरदस्ती, दडपण, फसवणूक वा चुकीची माहिती नसावी. भारतीय दंडविधानातही भीतीने किंवा गैरसमजाने दिलेली संमती ही संमती नव्हे, असे तत्त्व होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या अठ्ठाविसाव्या कलमात ते कायम आहे. आजाराची भलती भीती घालून घेतलेल्या अंगठ्याला या कसोट्या लावून पाहा, म्हणजे त्याची किंमत आपोआप कळेल.

वैद्यकीय संमतीविषयी आपल्याकडील महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. तो समीरा कोहली खटला म्हणून ओळखला जातो. १९९५ साली दिल्लीतील ४४ वर्षांची ही अविवाहित स्त्री पोटातील दोष दुर्बिणीने तपासून घेण्यासाठी दाखल झाली. तिला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय व अंडाशये काढून टाकण्यात आली. न्यायालयाने विचारले ते थोडक्यात असे: रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जीव तातडीने जाण्याची वेळ नाही, मग थांबायला काय हरकत होती? आईची संमती ही मुलीची संमती नव्हे, असा निर्णय झाला. तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

त्याच निकालात डॉक्टरने रुग्णाला काय सांगावे हे आले आहे. उपचार कोणता व तो कसा करणार. कशासाठी व त्याचा लाभ काय. दुसरे उपाय आहेत काय. मुख्य धोके कोणते. आणि उपचार न घेतल्यास काय होईल. दुर्मिळातला दुर्मिळ धोका मोजून सांगा असे न्यायालय म्हणत नाही. परंतु या पाच गोष्टी सांगितल्यावाचून घेतलेली सही पोकळ ठरते. मोंढ्यावर बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, चाल पाहतो, खोड विचारतो. आपल्या देहाविषयी पाच प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट का समजावे?

सही कोणाची, हाही प्रश्न नेहमी निघतो. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच असली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आईबाप किंवा पालक संमती देतात. विवाहित स्त्रीविषयी मात्र पुष्कळ घोटाळा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत, ज्या शस्त्रक्रियेने मूल होण्याची शक्यता संपते तिच्यासाठी पती-पत्नी दोघांची संमती घ्यावी असे म्हटले आहे. दोघांची याचा अर्थ बायकोचीही, किंबहुना तिचीच आधी. व्यवहारात नवऱ्याने सही केली की काम झाले असे समजतात. उलट १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे. याला एक मोठा अपवाद आहे. रुग्ण बेशुद्ध आहे, जवळ कोणी नाही आणि जीव वाचवायचा आहे, अशा वेळी डॉक्टरने कागदासाठी खोळंबून राहू नये. तेथे सद्हेतूने केलेल्या उपचाराला कायदा संरक्षण देतो.

"एकदा सही केली, आता तक्रार कशी करणार?" असे लोक आम्हांस विचारतात. हा समज साफ चुकीचा आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास एका शल्यचिकित्सकाकडे नेण्यात आले. पुरेशी भूल न देता, माणसांकरवी पाय जोराने ओढून हाड बसवण्यात आले आणि तो तरुण दगावला, असे न्यायालयात शाबीत झाले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दाद मागितली आणि पंधरा वर्षांनी, १९६८ साली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मिळालेली तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे त्या खटल्याने घालून दिले. सहीने उपचाराला परवानगी मिळते. हलगर्जीपणाला परवानगी कोणत्याही सहीने मिळत नाही.

डॉक्टरमंडळी यावर म्हणतील की, बाहेर शंभर रुग्ण ताटकळत असताना प्रत्येकाला पाच गोष्टी समजावायला वेळ कोठून आणावा? अडाणी माणसाला सांगून कळणार तरी काय? पहिला आक्षेप आम्ही नाकारीत नाही. सरकारी दवाखान्यांत माणसे अपुरी आहेत, हे रुग्णाइतकेच डॉक्टरचेही दुःख आहे आणि त्यासाठी दोघांनी मिळून भांडले पाहिजे. दुसरा आक्षेप मात्र आम्हांला मान्य नाही. अक्षरशत्रू हमाल पोत्यांचा, तोलाईचा आणि हमालीचा हिशेब तोंडी ठेवतो. त्याला त्याच्या भाषेत सांगा. तांड्यावरच्या म्हातारीला गोरमाटीत सांगणारे कोणी शोधा. न कळण्याचे कारण बहुधा रुग्णाच्या डोक्यात नसते. ते इंग्रजीत छापलेल्या कागदात असते. शिवाय नीट समजावून घेतलेली संमती डॉक्टरचीही ढाल आहे. आधी सांगितलेला धोका पुढे खरा ठरला तर नातलग दुःख करतात. न सांगितलेला खरा ठरला तर हात उगारतात. हात उगारणे हा गुन्हा आहे आणि त्याने कोणाचाही जीव परत येत नाही, हे आम्ही आमच्या कामगारांनाही बजावून सांगतो.

येथवर कायद्याची बाजू झाली. परंतु बीडच्या हकीकतीत एक प्रश्न असा आहे की जो कायद्याच्या कलमांत मावत नाही. समजा, डॉक्टरने सर्व काही सांगितले. तरीही ती बाई म्हणाली, "पिशवी काढाच, पाळीच्या खाड्याचा दंड मला परवडत नाही." ही संमती मोकळी म्हणावी काय? येथे डॉक्टरने दडपण आणलेले नाही. दडपण उचलीचे आहे, खाड्याचे आहे, फडावर नसलेल्या न्हाणीचे आहे. जिला आजारपणाची सुट्टी नाही, तिला उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे ही थट्टा आहे. म्हणून आमचे मत असे की, रुग्णाच्या संमतीचा प्रश्न दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही. तो मजुरीच्या करारात सुरू होतो. फडावर पाणी व आडोसा, आजारात खाडामाफी आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, या तीन गोष्टी मिळाल्या तर कित्येक बायांवर तो अंगठा देण्याची पाळीच येणार नाही.

काही पावले पडली आहेत. बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट २०१९ मध्ये घालण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक सूत्रे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला, आणि जाणती संमती न घेणाऱ्या रुग्णालयांना काळ्या यादीत टाकावे असे सांगितले. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची आहे. नियम आहेत, ते वाचणारे डोळे हवेत.

शेवटी, बाकावर बसलेल्या त्या माणसासाठी चार गोष्टी. कागद वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या जागा असतील तर त्या भरल्यावाचून सही करू नका. जीव धोक्यात नसेल तर एक दिवस मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला, शक्य तर सरकारी दवाखान्यात, दाखवा. कागदपत्रांच्या नकला मागा. २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या मिळाल्या पाहिजेत. आणि एकटे जाऊ नका. विचारायला न घाबरणारे एक माणूस बरोबर न्या. पगाराच्या कागदावर अंगठा देण्यापूर्वी "आधी वाचून दाखवा" असे म्हणायला आमच्या हमालांना पुष्कळ वर्षे लागली. पहिल्याने म्हटले तेव्हा त्याला हाकलून दिले. दहा जणांनी मिळून म्हटले तेव्हा कागद वाचला गेला. दवाखान्यातही ते वाक्य कोणीतरी पहिल्याने उच्चारावे लागेल. बाकीच्या नऊ जणांनी त्याच्या मागे उभे राहायचे आहे.