वाचवलेल्या गोलांचा हिशेब कोण ठेवणार?

२२ सप्टेंबर २०२५ला पॅरिसमध्ये फुटबॉलमधल्या बॅलन डी'ओर पुरस्कारांचा सोहळा झाला. मुख्य पुरस्कार जिंकणाऱ्या उस्मान डेम्बेलेबद्दल तेव्हा भरपूर छापून आलं, त्यामुळे त्याच्याकडे पुन्हा वळत नाही. त्याच रात्री जाहीर झालेले आणखी दोन पुरस्कार एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवेत. जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाची याशिन ट्रॉफी जियानलुईगी डोनारुम्माला मिळाली आणि सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान लुईस एन्रिके यांना. याच एन्रिके यांनी ऑगस्टमध्ये डोनारुम्माला पॅरिस सेंट-जर्मेनच्या (पीएसजी) संघातून वगळलं होतं. तेही बाकावर बसवून नव्हे. टॉटेनहॅमविरुद्धच्या सुपर कपसाठी निवडलेल्या चमूत त्याचं नावच नव्हतं.

चॅम्पियन्स लीग जिंकून जेमतेम अडीच महिने झाले होते. लीलकडून आलेला २३ वर्षांचा लुकास शेव्हालिए पहिल्या पसंतीचा गोलरक्षक ठरला. आपल्याला वेगळ्या प्रकारचा गोलरक्षक हवा आहे आणि हा निर्णय पूर्णपणे आपला आहे, असं एन्रिके यांनी स्पष्ट सांगितलं. सप्टेंबर उजाडताच डोनारुम्मा मँचेस्टर सिटीत दाखल झाला.

'वेगळ्या प्रकारचा' म्हणजे पायांनी खेळणारा. या एका शब्दप्रयोगात गेल्या तीस वर्षांतला गोलरक्षणाचा सगळा बदल सामावला आहे. तो बदल एका गुणी मुलाच्या कारकिर्दीवरून कसा गेला, हे समजून घेण्यासारखं आहे.

सोळाव्या वर्षी सॅन सिरोत

नेपल्सच्या आखातावरचं कास्तेल्लामारे दि स्ताबिया हे डोनारुम्माचं गाव. थोरला भाऊ अंतोनियोही गोलरक्षक आणि तोही एसी मिलान क्लबच्याच शाळेत घडलेला. धाकटा चौदाव्या वर्षी मिलानला गेला. २५ ऑक्टोबर २०१५ रोजी सॅन सिरो या मिलानच्या मैदानावर सासुओलोविरुद्ध प्रशिक्षक सिनिशा मिहायलोविच यांनी त्याला थेट पहिल्या अकरांत उतरवलं, तेव्हा त्याचं वय होतं १६ वर्षं ८ महिने. रिअल माद्रिदकडून खेळलेला अनुभवी दिएगो लोपेस त्या दिवशी बाकावर बसला.

गोलरक्षक उशिरा पिकतात असं फुटबॉलमध्ये मानतात आणि त्याला कारण आहे. आघाडीवीराला शेवटची वीस मिनिटं खेळवून बघता येतं. बचावपटू चुकला तर सावरायला मागे कोणीतरी असतं. गोलरक्षकाच्या मागे फक्त जाळं असतं. संघात जागा एकच आणि ती सहसा दुखापत किंवा लाल कार्ड झाल्याशिवाय रिकामी होत नाही. म्हणून बहुतेक क्लब तरुण गोलरक्षकाला वर्षानुवर्षं सरावात मुरवत ठेवतात. इटलीत या रिवाजाला एक मोठा अपवाद आधीच घडला होता. १९९५ मध्ये पार्माने १७ वर्षांच्या जियानलुईगी बुफ्फोनला उतरवलं ते मिलानसमोरच, आणि त्याने एकही गोल होऊ दिला नव्हता.

डोनारुम्माची सुरुवात इतकी निर्दोष नव्हती. बेरार्डीच्या फ्री किकवर त्याने गोल स्वीकारला. मिलान २-१ने जिंकलं हे खरं, पण माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा पाया पुढच्या सामन्याने घातला. मिहायलोविच यांनी त्यालाच पुन्हा उभं केलं, त्यानंतरही केलं आणि हंगाम संपेपर्यंत ती जागा त्याची झाली. कोवळ्या गोलरक्षकाला पदार्पणापेक्षा चूक झाल्यानंतरचा सामना जास्त मोलाचा असतो. तो मिळाला नाही तर अंगातली कला अंगातच राहते.

१ सप्टेंबर २०१६ रोजी बारीमध्ये फ्रान्सविरुद्ध मध्यंतरानंतर तो बुफ्फोनच्या जागी मैदानात आला. वय १७. इटलीसाठी इतक्या लहान वयात कोणताही गोलरक्षक खेळला नव्हता. त्याच डिसेंबरात दोहामध्ये इटालियन सुपर कपच्या शूटआउटमध्ये त्याने पावलो दिबालाची पेनल्टी अडवली आणि मिलानने युव्हेंटसला हरवलं.

खोट्या नोटा आणि खरी चूक

मग २०१७चा उन्हाळा आला. करार वाढवायला त्याने नकार दिला. दलाल होते मिनो रायोला. पोलंडमध्ये २१ वर्षांखालील युरो स्पर्धेत तो गोलमध्ये उभा असताना प्रेक्षकांनी त्याच्यावर नकली डॉलर फेकले. त्याच्या नावात डॉलर गुंफून फलक झळकले. शालान्त परीक्षा बुडवून तो सुट्टीवर गेला, तर त्याचीही राष्ट्रीय बातमी झाली. जुलैत करार झाला, तरी डिसेंबरात मिलानच्याच पाठीराख्यांनी त्याच्या विरोधात फलक लावला आणि १८ वर्षांचा तो मुलगा सामन्यापूर्वी रडला. पुढच्या मे महिन्यात कोप्पा इतालियाच्या अंतिम फेरीत युव्हेंटसकडून मिलान ०-४ने हरलं. त्यात दोन गोल सरळसरळ त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूंवर झाले.

इथे त्याची कारकीर्द मोडू शकली असती. मिलानने त्याला काढलं नाही आणि पुढच्या हंगामातही पहिली पसंती तोच राहिला. २०२१ मध्ये करार संपवून तो पॅरिसला गेला तेव्हा वय २२ होतं आणि मिलानसाठीचे सामने २५१. या वयात इतके सामने अनेक चांगल्या गोलरक्षकांच्या वाट्याला अख्ख्या उमेदीत येत नाहीत. फुकटात गेला म्हणून मिलानचे पाठीराखे आजही त्याच्यावर चिडलेले आहेत. २०२३ मध्ये पीएसजीकडून तो सॅन सिरोत परतला तेव्हा पुन्हा नकली नोटा उधळल्या गेल्या. त्यांचा राग मला समजतो. पण त्या २५१ सामन्यांत त्याने क्लबचं देणं फेडलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

अकरा मीटर, ०.४ सेकंद

डोनारुम्माचं वेगळेपण बघायचं तर पेनल्टीकडे बघावं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. चेंडू अकरा मीटरवर. ताशी शंभर किलोमीटर वेगाने मारला तर तो ०.४ सेकंदात रेषेवर पोचतो. एवढ्या वेळात चेंडू बघून, ठरवून, झेपावणं जवळपास अशक्य. म्हणून बहुतेक गोलरक्षक आधीच अंदाज बांधून एका बाजूला उडी घेतात.

इस्रायलमधले क्रीडा मानसशास्त्रज्ञ मायकल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोलरक्षकांच्या मानसिकतेवर इतकं मार्मिक काम मी दुसरं वाचलेलं नाही. जवळपास ९४ टक्के वेळा गोलरक्षकाने डावीकडे किंवा उजवीकडे उडी घेतली होती. प्रत्यक्षात २९ टक्क्यांच्या आसपास फटके मधल्या भागात आले होते. जे मोजके गोलरक्षक मध्यभागी थांबले, त्यांनी तीनातली एक पेनल्टी अडवली. उडी घेणाऱ्यांनी सातआठांतली एक.

मग सगळे उडी का घेतात? बार-एलींचं उत्तर असं, की काहीतरी करताना गोल झाला तर दोष कमी लागतो. झेपावलेल्या गोलरक्षकाला लोक म्हणतात, बिचाऱ्याने प्रयत्न केला. जागेवर थांबलेल्याला विचारतात, हा नुसता बघत काय राहिला? अपयशापेक्षा अपयशात आपण कसे दिसू, याची धास्ती माणसाला हलवते.

११ जुलै २०२१ची वेम्बली आठवा. युरोची अंतिम फेरी, समोर यजमान इंग्लंड, सामना १-१. शूटआउटमध्ये रॅशफर्डचा फटका खांबाला लागला. सँचो आणि साका यांचे फटके डोनारुम्माने अडवले. साकाची पेनल्टी अडवून तो शांतपणे चालू लागला, कारण आपण जिंकलो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. उपांत्य फेरीत स्पेनच्या मोराताचा फटकाही त्यानेच रोखला होता. युरोच्या इतिहासात स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तो पहिला गोलरक्षक. १.९६ मीटर उंची आणि लांब हात यांमुळे तो इतरांपेक्षा क्षणभर उशिरा हलला तरी कोपऱ्यापर्यंत पोचतो, आणि तो उशीर समोरच्याला छळतो. एवढी थांबायची हिंमत त्याच्यात आली ती सोळाव्या वर्षापासून भर मैदानात दोष पचवत आल्यामुळे, असं मला वाटतं.

पायांचा जमाना

आता एन्रिके यांची बाजू, कारण तीही पोकळ नाही. १९९२ मध्ये नियम आला, की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. तेव्हापासून गोलरक्षकाला पाय वापरणं भाग पडलं. २०१९ मध्ये गोल किक पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याला घ्यायची मुभा मिळाली आणि चढाई थेट गोलरक्षकापासून रचली जाऊ लागली. २०२५-२६च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. प्रत्येक नियमाने चेंडू हातातून पायाकडे ढकलला आहे. प्रतिस्पर्धी दहा जणांनिशी दबाव टाकतात तेव्हा मोकळा राहतो तो गोलरक्षक. तो अचूक पास देऊ शकला, तर अख्खा दबाव एका पासात फुटतो.

डोनारुम्मा इथे कमी पडतो, हे त्याच्या चाहत्यानेही मान्य करावं. मार्च २०२२ मध्ये रिअल माद्रिदच्या बर्नाब्यू मैदानावर पीएसजी एकूण दोन गोलांनी पुढे होतं. बेन्झेमा अंगावर धावून आला, डोनारुम्माने पायात चेंडू घोळवला, गोल झाला आणि पॅरिसची वाताहत झाली.

पण २०२४-२५च्या चॅम्पियन्स लीग हंगामाचा हिशेब मांडा. लिव्हरपूलविरुद्ध अ‍ॅनफिल्डवरच्या शूटआउटमध्ये त्याने नुन्येस आणि जोन्स यांच्या पेनल्टी अडवल्या नसत्या, तर पीएसजीची मोहीम कदाचित मार्चमध्येच संपली असती. उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात आर्सेनलने सुरुवातीलाच मारलेले फटके त्याने रोखले. म्युनिकमधला ५-०चा अंतिम विजय जगाला आठवतो. तिथवर पोचवणारे हात लवकर विसरले गेले. पासाची अचूकता प्रत्येक सामन्यात मोजली जाते. वाचवलेला गोल मात्र फलकावर कधीच दिसत नाही, म्हणून तो हिशेबातून गळतो.

बार-एलींचं निरीक्षण इथेही लागू पडतं. पायांनी खेळायचा रिवाज एकदा रुजला, की पास देताना झालेल्या चुकीला 'पद्धतीची किंमत' म्हणून माफी मिळते आणि चेंडू लांब फटकावणाऱ्याला मागासलेला ठरवलं जातं. एन्रिके यांनी निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतली, हा त्यांचा मोठेपणा. तरीही निर्णय मला पटत नाही.

दुसऱ्या बाजूला पेप ग्वार्दिओला बघा. २०१६ मध्ये सिटीचे प्रशिक्षक म्हणून आल्या आल्या त्यांनी जो हार्टला पायांसाठीच दूर केलं आणि क्लॉडिओ ब्राव्होला आणलं. ब्राव्हो फटके अडवण्यात कमी पडला. वर्षभरात एडरसन आला आणि पायांनी खेळणाऱ्या गोलरक्षकाचा जगभरचा नमुना बनला. ऑगस्ट २०२५ मध्ये टॉटेनहॅमविरुद्ध सिटीचा तरुण गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्डने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात दिलेला पास चुकला आणि गोल झाला. त्यानंतर त्याच ग्वार्दिओलांनी एडरसनला जाऊ दिलं आणि डोनारुम्माला घेतलं. ज्यांनी ही लाट आणली त्यांनाच गोल वाचवणारा माणूस हवासा वाटला, याचा अर्थ मी तरी गंभीरपणे घेतो. ट्रॅफर्डची मात्र काळजी वाटते. २०२३ मध्ये २१ वर्षांखालील युरोच्या अंतिम फेरीत शेवटच्या क्षणी पेनल्टी अडवून इंग्लंडला विजेतेपद देणारा हा मुलगा; चुकीनंतरचे सामने त्याच्या वाट्याला कितीसे येणार?

हे सगळं दूर मँचेस्टरात घडतंय असं समजू नये. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा तिथली विचारसरणी थेट अंधेरीच्या मैदानापर्यंत आली. आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी ती घेताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पाय शिकवायचे ते दहाव्या-बाराव्या वर्षी, सगळ्या मुलांबरोबर. विशीत ते अंगवळणी पडत नाहीत. निवड मात्र धाडस, पकड आणि झेप बघून करावी. आणि निवडलेल्या मुलाच्या हातून चेंडू सुटला, तर पुढच्या रविवारी त्यालाच उतरवावं.

सिटीत आला तेव्हा डोनारुम्मा २६ वर्षांचा होता. दिनो झॉफने चाळिशीत विश्वचषक उचलला, बुफ्फोन पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. त्या मापाने याची तेव्हा अर्धी कारकीर्दही झालेली नव्हती. सिटीत त्याचे पास चुकतील आणि प्रत्येक चुकीची चित्रफीत फिरेल. त्या प्रत्येक चित्रफितीसमोर त्याने वाचवलेले गोल मांडून मगच त्याचा निवाडा व्हावा, एवढी किमान न्यायबुद्धी फुटबॉलने दाखवायला हवी.